मोत माउलीला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचून घ्या

मोत माउली म्हणजे बांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चमधली येशूची आई मारिया. सप्टेंबरात तिची जत्रा भरते, आणि सप्टेंबर जवळ आला की ऑफिसातली मंडळी मला गाठून तेच तेच विचारतात. आम्ही ख्रिश्चन नाही, आत सोडतात का? चप्पल बाहेर काढायची का? ती नवसाची मेणाची बाहुली नेमकी ठेवायची कुठे? प्रसाद असतो का? मी वसईचा, आमच्याकडे बांद्र्याची जत्रा म्हणजे घरचंच काम, आजी तर बांद्र्याला जाऊन आल्याशिवाय सप्टेंबर संपला असं मानायचीच नाही, त्यामुळे उत्तरं आता तोंडपाठ झालीयेत. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. आत सगळ्यांना सोडतात. जात, धर्म, आधार कार्ड कोणी विचारत नाही. लाईनीत तुमच्या पुढेमागे नऊवारीतल्या कोळणी, पारशी आजोबा, टिकली लावलेल्या मावश्या, गळ्यात रोझरी म्हणजे जपमाळ घातलेली कॉलेजची पोरं, सगळे एकत्रच घामाघूम झालेले दिसतील. त्यामुळे आपण परके आहोत ही भीती आधी काढून टाका.

आधी हे ठरवा: माउलीला जायचंय की जत्रेला?

हे ठरवलं नाही ना तर दिवस फुकट जातो. शांत बसून दोन मिनिटं डोळे मिटायचेत, काही मागायचंय, किंवा मागितलेलं मिळालं म्हणून सांगायला जायचंय, तर जत्रेच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका. माउंट मेरी बॅसिलिका (पोपकडून खास दर्जा मिळालेलं चर्च) वर्षभर उघडी असते, एखाद्या साध्या मंगळवारी-गुरुवारी सकाळी जा, बाकं रिकामी असतात, समोर माउली आणि तुम्ही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या भेटीला हेच बेस्ट.

आणि गर्दी, पाळणे, लाडू, मेणबत्तीवाल्यांचा आरडाओरडा, हे सगळं अनुभवायचं असेल तर मग जत्रेतच जा, पण मग शांतता मिळाली नाही म्हणून कुरकुर करायची नाही. वेदीसमोर उभं राहायला मिळतो तो वेळ सेकंदांतच मोजायचा, मागून व्हॉलंटियर "चला चला पुढे चला" करतच असतात, त्यांचाही इलाज नसतो.

जत्रेची तारीख काढायची सोपी पद्धत आहे. 8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, तो फिक्स. जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते, आणि 8 तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी सुरू. 2024 ला तसंच झालं होतं, वर आदल्याच दिवशी गणेश चतुर्थी, म्हणजे एकीकडे बाप्पा आणि एकीकडे माउली आणि मध्ये अडकलेली मुंबईची ट्रॅफिक. तेव्हा कॅलेंडर काढून गणपतीचे दिवस पण बघून ठेवा, विसर्जनाच्या दिवशी बांद्र्याला जायचा बेत आखणाऱ्याला नमस्कार. जत्रेच्या आधी नऊ दिवस नोव्हेना असतो, म्हणजे नऊ दिवस ठरावीक प्रार्थना आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), त्या दिवसांत वातावरण छान असतं आणि गर्दी जत्रेपेक्षा कमी, हा पर्याय लोकांना सुचतच नाही.

जत्रेतच जायचं असेल तर दोन्ही रविवार टाळा. मधला एखादा वार घ्या, आणि सकाळी लवकर. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी जाऊ म्हणणारे हजारो असतात.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. बुधवारचा नोव्हेना म्हणून जे ऐकलेलं असतं ते माहीमचं सेंट मायकल चर्च, बांद्र्याचं नाही. नऊ बुधवार करतात ते तिकडे. आणि नगरकडची मंडळी मतमाउलीची यात्रा म्हणतात ती श्रीरामपूरजवळच्या हरेगावची, ती पण सप्टेंबरातच, पण ती वेगळी. कोणी "माउलीला चाललोय" म्हणालं की कुठल्या ते विचारून घ्या.

पोचायचं कसं

लोकलने. गाडी काढूच नका. जत्रेच्या आठवड्यात टेकडीवरच्या रस्त्यांवर खाजगी गाड्यांना बंदी किंवा वन-वे असतं, ट्रॅफिक पोलीस दरवर्षी त्याची नोटीस काढतात, आणि पार्किंग शोधत फिरण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात माणूस विरारहून येऊन दर्शन करून परत जाईल.

वेस्टर्नला बांद्रा सगळ्या लोकल थांबतात, हार्बरवाल्यांना पण डायरेक्ट येता येतं, ठाणे-कल्याणकडच्यांनी दादरला बदलायचं. बाहेरगावहून मेल-एक्सप्रेसने वांद्रे टर्मिनसला उतरणाऱ्यांनी लक्षात घ्या, टर्मिनस पूर्वेला आहे आणि तिथून लोकलच्या बांद्रा स्टेशनला येऊन पश्चिमेला बाहेर पडायचंय. सामानासकट येणार असाल तर सामान आधी कुठेतरी टाका, मोठ्या बॅगा घेऊन टेकडी चढणं आणि बॅग चेकिंगच्या लाईनीत उभं राहणं दोन्ही त्रासाचं आहे.

पश्चिमेला बाहेर आलात की तीन पर्याय. जत्रेत बेस्टच्या जादा बस स्टेशनवरूनच सुटतात, कंडक्टर ओरडतच असतात, सगळ्यात स्वस्त आणि सरळ. दुसरं म्हणजे रिक्षा, इतर दिवशी एकदम मस्त, वर चर्चच्या दारात सोडते, जत्रेत मात्र खालीच कुठेतरी उतरवणार हे धरून चाला. तिसरं म्हणजे चालत, अडीच-तीन किलोमीटर पडतं, हिल रोड धरायचा, मेहबूब स्टुडिओच्या आसपास आलात की माउंट मेरी रोडचा चढ लागतो. जत्रेत रस्ता विचारायची पण गरज नाही, लोंढा जिकडे चाललाय तिकडे चालायचं.

चढ फार नाही पण सप्टेंबरची उमस आणि मध्येच येणारी सर, त्यामुळे दमायला होतं. पायऱ्यांच्या वाटेने जाणार असाल तर पावसात त्या घसरड्या होतात, म्हाताऱ्या माणसांना त्या वाटेने नेऊ नका, त्यांना बसनेच वर न्या. छत्री, पाण्याची बाटली, एक रुमाल. स्टेशनवरच टॉयलेटला जाऊन घ्या, वर लाईन लागते. सोन्याची चेन घरी ठेवा आणि मोबाईल पुढच्या खिशात, पोलीस आणि कॅमेरे भरपूर असतात, पण पाकीटमार पण काही सुट्टीवर नसतात.

लहान पोरं बरोबर असतील तर खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी घालून ठेवा. आणि आपल्या आपल्यात भेटायची जागा ठरवा, "चर्चच्या बाहेर" अशी नको, तिथे पाच हजार माणसं असतात. बॅसिलिकेच्या बरोबर समोर फातिमा मातेची छोटी चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या वर जातात, तिथली अमुक एक पायरी असं सांगा.

मेणबत्ती आणि मेणाच्या वस्तू

बाहेर स्टॉल लागलेले असतात. साध्या लांब मेणबत्त्या, झेंडूचे हार, आणि मेणाच्या वस्तू. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. हात, पाय, डोकं, अख्खा बाई-पुरुष, तान्हं बाळ, घर, गाडी, विमान, शाळेच्या पोरांसाठी पुस्तक, सगळं फिकट पिवळ्या-पांढऱ्या मेणात ओतलेलं आणि टोपलीत एकावर एक रचलेलं. गुडघे दुखतायत तर पाय, मूल हवंय तर बाळ, व्हिसा अडकलाय तर विमान, भाड्याच्या खोलीतून सुटायचंय तर घर. मुंबईला नक्की काय पाहिजे ते त्या टोपलीत बघून कळतं, घरं सगळ्यात जास्त खपत असणार अशी मला दाट शंका आहे.

हे घेतलंच पाहिजे असं काही नाही. रिकाम्या हाताने गेलात तरी चालतं. घ्यायचं असेल तर पहिल्याच स्टॉलवाल्याकडे घेऊ नका, चर्चच्या जवळ जवळ जाल तशी मागे लागणारी पोरं वाढतात, "दीदी मेणबत्ती, भैया पूरा सेट" करत हातात कोंबतात, आणि एकदा हातात आली की मग भाव सांगतात. आधी भाव विचारा, मग हात लावा. लांब मेणबत्त्या खाली घेतल्या तर वर गर्दीत मोडतात, वरच घ्या.

मेणबत्ती पेटवायची जागा बाहेर आहे. चर्चच्या आत पेटती मेणबत्ती घेऊन जायचं नाही. मेणाची वस्तू आणि फुलं मात्र आत न्यायची, वेदीच्या पुढे व्हॉलंटियर उभे असतात, ते दाखवतील तिथे ठेवायची किंवा त्यांच्या हातात द्यायची. नारळ फोडणं, अगरबत्ती, हळद-कुंकू हे इथे नको. श्रद्धेवर कोणाचा आक्षेप नाही, तिथली रीत वेगळी आहे एवढंच.

आत शिरताना

चप्पल-बूट काढायचे नाहीत. कोणीतरी श्रद्धेने अनवाणी आलेला दिसेल, ती त्याची इच्छा, नियम नाही. पुरुषांनी टोपी काढायची. बायकांनी डोकं झाकायलाच हवं असं नाही. कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकलेले असले की प्रश्नच नको.

दाराशी पाण्याचं छोटं भांडं असतं. ते पवित्र पाणी, कॅथलिक लोक त्यात बोटाचं टोक बुडवून क्रुसाची खूण करतात. तीर्थ म्हणून ओंजळीत घेऊन प्यायचं नाही. तुम्ही नुसतं हात जोडून पुढे गेलात तरी उत्तम.

बाकावर बसलात की पायाशी एक लांब आडवी फळी दिसेल, गादी लावलेली किंवा नुसतं लाकूड. ती गुडघे टेकायची फळी आहे, पाय ठेवायची नाही. नवखा माणूस बसल्या बसल्या त्यावर चिखलाचे बूट ठेवतो आणि मागून एखादी आंटी अशी बघते की विचारू नका, कारण पुढच्या मिनिटाला तिचीच पांढरी साडी तिथे टेकणार असते. एवढं एक सांभाळलंत तरी अर्धी बाजी मारली.

समोर वेदीच्या वर मूर्ती दिसते ती माउली, हातात बाळ येशू. भिंतींवर मारियेच्या आयुष्यातली चित्रं आहेत, गर्दी नसेल तर एकेक बघत फिरा. फोटोबाबत बोर्ड लावलेला असतो तो वाचा, आणि मिस्सा चालू असताना तर फोटो नाहीच.

मिस्सा चालू असेल तर

मिस्सा म्हणजे मुख्य उपासना, फादर वेदीवर असतात, वाचनं, प्रवचन, गाणी. जत्रेच्या दिवसांत पहाटेपासून ओळीने मिस्सा असतात, इंग्रजी, मराठी, कोंकणी, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांत, वेळापत्रक बाहेर लावलेलं असतं. मराठी मिस्साची वेळ आधी बघून गेलात तर खूप फरक पडतो, काय चाललंय ते कळतं, आणि गाणी सुंदर असतात. साधारण पाऊण ते एक तास धरा.

नियम एकच, समोरचे करतील तसं करा. उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी कोणाला वाईट वाटत नाही. मध्येच एक पिशवी किंवा पेटी फिरते, दान ऐच्छिक आहे, दहा रुपये टाका नाहीतर नुसती पुढे सरकवा. मग एका क्षणी सगळे शेजाऱ्याकडे वळून हात जोडून नमस्कार करतात, तुमच्याकडे बघून पण करतील, गोंधळून जाऊ नका, तुम्हीही हसून हात जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी विसरलात तरी चालेल. शेवटाकडे लोक उठून लाईनीने पुढे जातात आणि फादर प्रत्येकाच्या तळहातावर किंवा जिभेवर एक पातळ पांढरी गोल चकती ठेवतात. लांबून हा प्रसादच वाटतो, आणि प्रसाद नाकारायचा नसतो हे आपल्या अंगात भिनलेलं, म्हणून भली माणसं भक्तिभावाने लाईनीत जाऊन उभी राहतात आणि काही जण तर घरच्यांसाठी रुमालात बांधून घ्यायला बघतात. कृपा करून त्या लाईनीत जाऊ नका. त्याला कम्युनियन म्हणतात, आम्ही तो साक्षात ख्रिस्ताचा देह मानतो, आणि बाप्तिस्मा घेऊन, शिकवणी पूर्ण करून, तयारीने आलेल्या कॅथलिकानेच तो घ्यायचा असतो. यात तुम्हाला कमी लेखायचा प्रश्नच नाही, आमची स्वतःची लहान पोरं फर्स्ट कम्युनियन होईपर्यंत घेत नाहीत, मोठ्यातले पण कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, झालं नसेल तर जागेवरच बसून राहतात. तुमच्या बाकावरचे लोक बाहेर पडायला लागले की गुडघे बाजूला करून वाट द्या आणि पुन्हा बसा, बस.

बाकी घरी न्यायला काही हवंच असेल तर बाहेर माउलीच्या फोटोची कार्डं, मेडल, रोझरी मिळतात. आणि कोणाच्या नावाने मिस्सा करून घ्यायची असेल, आजारी माणसासाठी किंवा वारलेल्यासाठी, तर चर्चच्या ऑफिसात विचारा, नाव लिहून घेतात. बाहेर कोणी "मी करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

लाईनीत उभे असाल तेव्हा वाचायला

इथली पहिली चॅपल जेसुइट पंथाच्या फादरांनी पोर्तुगीज काळात, 1570 च्या सुमारास बांधली, मूर्ती पोर्तुगालहून आणलेली. 1700 च्या आसपास समुद्री चाच्यांनी मूर्तीच्या हातात सोन्याचं काहीतरी आहे समजून तिचा उजवा हातच तोडला असं सांगतात. मग 1738 ला, मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत, चॅपल पडली, आणि 1760 च्या सुमारास पुन्हा उभी राहिली. मधल्या काळात खालच्या सेंट अँड्र्यू चर्चमधली दर्यावर्दींची माता ही मारियेची मूर्तीच लोकांची माउली होती. आमच्या चिमाजी अप्पांच्या वसईवरून आलेल्या माणसाला हे वाचताना जरा गंमत वाटते, पण आज लाईनीत कोण कोणाच्या बाजूने लढलं होतं हे कोणी काढत नाही.

कोळी लोकांची गोष्ट वेगळी आणि मला तीच जास्त आवडते. एका कोळ्याला स्वप्न पडलं की माउली समुद्रात तरंगतेय, आणि मूर्ती खरंच पाण्यात सापडली. मुंबईच्या कोळीवाड्यांतून म्हणूनच आजही लोक येतात, ते टुरिस्टसारखे इकडेतिकडे बघत नाहीत, सरळ आत जातात, माउलीशी बोलून येतात.

आत्ताची दगडी इमारत 1904 ची, आर्किटेक्ट शापूरजी चांदाभॉय, म्हणजे पारशी माणूस. पोप पायस बारावे यांनी 1954 ला बॅसिलिकेचा दर्जा दिला. एवढं पुरे, पुढचं दार आलं असेल तोपर्यंत.

दर्शन झाल्यावर

खायचं. यात लाजायचं काही नाही, अर्धी जत्रा तेवढ्यासाठीच असते. कडक बुंदीचा लाडू घ्या, दात सांभाळून, तो खरंच कडक असतो. पेराद घ्या, म्हणजे पेरूची लालसर घट्ट वडी, चांगली असेल तर कापताना सुरीला जरा चिकटते आणि पेरूचा वास येतो, नुसती साखर लागली तर सोडून द्या. गोव्याचं खाजं आणि काड्यो-बोड्यो, म्हणजे गोड पाकातल्या कुरकुरीत काड्या, भाजलेले चणे, हलवा. चव बघायला मागा, बहुतेक जण देतात. पाव किलोच घ्या आधी, पुढच्या स्टॉलवर हमखास ताजं दिसतं. पोरांसाठी पाळणे आहेत, खेळणी आहेत, त्याचं बजेट घरून निघतानाच पोरांना सांगून ठेवा.

पाय चालत असतील तर मागच्या बाजूने खाली बँडस्टँडला उतरा. शाहरुखच्या बंगल्यासमोर कायम घोळका असतो तो ओलांडून पुढे गेलात की बांद्रा फोर्ट, 1640 चा पोर्तुगीज किल्ला, आता थोडाच उरलाय, पण तिथून सी लिंक समोर दिसतो आणि वारा मस्त येतो. म्हाताऱ्यांना घेऊन आला असाल तर हे सोडा, वरूनच बस पकडून स्टेशन गाठा.

परतीचं आधीच बघून ठेवा. संध्याकाळी सहानंतर बांद्र्याहून विरार फास्टमध्ये चढायचं, हातात हार, लाडूंची पिशवी आणि एक झोपलेलं पोर घेऊन, हे माझ्या आईला जमायचं पण सगळ्यांना जमेल असं नाही. सरळ बोरिवली स्लो पकडा, बसायला मिळालं तर नशीब, आणि बोरिवलीला उतरून पुढची विरार बघा. चारच्या आत स्टेशनला पोचलात तर यातलं काहीच करावं लागत नाही.